सेन्सॉरला मराठी चित्रपट पाठवायचाय: यूए मिळेल का, आणि तारीख कधी जाहीर करावी?

पहिली_प्रत

नमस्कार मंडळी. मराठी कथापट आहे, लांबी १ तास ५८ मिनिटं. संकलन लॉक झालंय, साउंड मिक्सिंग चालू आहे. सेन्सॉरचं काम एजंटला न देता स्वतःच करायचं ठरवलंय. पोर्टलवर खातं उघडलं, पण पुढे कशाआधी काय करायचं ते नीट कळत नाही.

चित्रपटात काय आहे ते सांगतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. गाव विदर्भातलं. शिव्या साधारण पंचवीस ठिकाणी, त्यातल्या सहा-सात आईबहिणीवरच्या. पारावर तंबाखू मळणारी माणसं चार-पाच प्रसंगांत दिसतात. एक आजी सकाळी मिश्री लावते. देशी दारूच्या दुकानात एक प्रसंग. शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आहे, बैलजोड्या खऱ्या. शूटिंगआधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी घेतली होती, नंतरचं काही केलेलं नाही. साप मात्र पूर्ण व्हीएफएक्स. शेवटाकडे कुऱ्हाडीचा एक वार, रक्त दिसतं. एका पात्राच्या तोंडी जातीचं नाव घेऊन टोमणा आहे, त्याला पुढे कथेतच चोख उत्तर मिळतं.

विचारायचं हे की अर्ज आणि प्रदर्शन यांत किती अंतर ठेवावं? यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगा) १३+ साठी झगडावं की १६+ आलं तरी चालेल? समितीने सांगितलेले कट पटले नाहीत तर काय करायचं? वितरक तारीख मागतोय.

---

कात्री_आणि_कागद

तारीख आज देऊ नका. वितरकाला महिना सांगा, शुक्रवार सांगू नका.

जुन्या १९८३ च्या नियमांत टप्प्याटप्प्यांचे दिवस जोडले तर ६८ होत होते: अर्जाची छाननी ७, परीक्षण समिती बसवणं १५, समितीचा अहवाल पुढे जाणं १०, निर्णय तुम्हाला कळवणं ३, तुम्ही कट जमा करणं १४, सेन्सॉर मंडळाने ते तपासणं १४, प्रमाणपत्र ५. आता १५ मार्च २०२४ पासूनचे चलच्चित्र प्रमाणन नियम लागू आहेत आणि कमाल मुदत ४८ कामकाजाच्या दिवसांवर आली आहे. ‘कामकाजाच्या’ हा शब्द कॅलेंडर समोर घेऊन वाचा. पाच दिवसांच्या आठवड्याने ते जवळपास दहा आठवडे होतात, मध्ये गणपती किंवा दिवाळी आली तर त्याहून जास्त. प्रत्यक्षात बहुतेक चित्रपट याच्या बरेच आधी सुटतात. पण सुटला नाही म्हणून तक्रार करायची सोय ४८ दिवसांनंतरच असते, त्याआधी कोणी दाद देणार नाही. नवीन नियमांत जादा शुल्क भरून प्राधान्याने परीक्षण मागता येतं. मात्र ते अडचणीच्या वेळेसाठी आहे, त्यावर तारीख बांधू नका.

आणि हे घड्याळ अर्ज टाकल्यावर सुरू होत नाही, अर्ज *पूर्ण* झाल्यावर सुरू होतं. २०१७ मध्ये ‘पद्मावती’चा अर्ज मंडळाने अपूर्ण म्हणून परत केला होता, कथा काल्पनिक की ऐतिहासिक हा रकाना कोरा होता. एवढ्या मोठ्या निर्मात्याची ही गत, तर आपण रकाने दोनदा तपासलेले बरे.

कागद कुठले, ते पोर्टलवर यादीत दिसतं. नवख्यांचं घोडं अडतं ते पुढच्या ठिकाणी.

निर्मात्याचं नाव. शीर्षक नोंदणी, करारनामे, अर्ज, चित्रपटाची श्रेयनामावली या सगळ्यांत नाव अक्षरशः एकच हवं. नोंदणीत व्यक्तीचं नाव आणि अर्जात प्रॉडक्शन हाउसचं नाव, हा हमखास लागणारा आक्षेप. मध्येच कंपनी बदलली असेल तर हक्क हस्तांतरणाचा नोटराइज्ड कागद लागेल.

संवादसंहिता. शूटिंगची संहिता देऊ नका. लॉक झालेल्या संकलनावरून, पडद्यावर जे ऐकू येतं ते शब्दशः उतरवून घ्या; गाण्यांचे शब्द आणि मागे कुठे रेडिओ-टीव्ही वाजत असेल तर तेही. समितीतली माणसं हातात संहिता घेऊन बघतात. कागदावर नसलेली शिवी पडद्यावर आली की तुम्ही लपवलं असं वाटतं, आणि पुढचं सगळं त्याच चष्म्यातून पाहिलं जातं. वऱ्हाडी बोली आहे, तेव्हा अनवट शब्दांचे अर्थ शेवटी एका पानावर द्या. मुंबईत बसलेल्या सदस्याला एखादा साधा वऱ्हाडी शब्द अश्लील वाटू शकतो आणि तो विनाकारण कटात जातो.

आता बैल. तुमच्या यादीतलं सगळ्यात वेळखाऊ काम हेच आहे. परफॉर्मिंग ॲनिमल्स (रजिस्ट्रेशन) नियम, २००१ प्रमाणे शूटिंगआधीची परवानगी हा अर्धा भाग झाला. चित्रीकरणानंतर, तयार दृश्य पाहून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ (तुम्ही म्हणता ते प्राणी कल्याण मंडळ) जे ना-हरकत पत्र देतं ते सेन्सॉरला लागतं. हे मंडळ हरियाणात बल्लभगडला आहे. चित्रीकरणावेळी हजर असलेल्या पशुवैद्यकाचा दाखला, बैलांच्या आरोग्याचा दाखला, मालकाचं संमतीपत्र, प्राणी असलेल्या दृश्यांची फुटेज टाइमकोडसह, एवढं आजच जमवायला घ्या. सेन्सॉरचा अर्ज नंतर टाकला तरी चालेल, हा आज गेला पाहिजे.

शंकरपट आहे म्हणून मुद्दाम सांगतो. प्रदर्शनासाठी ज्या प्राण्यांचा खेळ करायला केंद्राने बंदी घातली त्या यादीत २०११ पासून बैल आहे (अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या जोडीला). शर्यतींना महाराष्ट्राच्या कायद्याने वाट करून दिली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, पण ती परवानगी शर्यतीची. चित्रपटाच्या ना-हरकतीला ती पुरत नाही. तुम्ही प्रत्यक्ष भरलेला पट टिपलात की कॅमेऱ्यासाठी बैल पळवले, हे अर्जात स्वच्छ लिहा. पहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत जोडा. दृश्यात पराणी टोचताना, शेपूट पिरगाळताना कोणी दिसत असेल तर ती फ्रेम आत्ताच काढून टाका. त्यावरून ना-हरकत अडकली तर काहीही वाद घालून उपयोग होत नाही.

सापासाठी व्हीएफएक्स स्टुडिओचं पत्र आणि थर उलगडून दाखवणारा छोटा व्हिडिओ: रिकामं दृश्य, वायरफ्रेम, अंतिम चित्र. पडद्यावर त्या शॉटच्या कोपऱ्यात ‘संगणकनिर्मित दृश्य’ अशी पट्टी टाकायची तयारी ठेवा.

---

मिक्सिंगवाला

कागदांचं वर आलंच आहे, मी फाइलीचं सांगतो. मिक्सिंग चालू असताना विचारलंत हे फार बरं झालं.

आधी तंबाखू. बहुतेक जण फक्त सिगारेट-बिडीच्या शॉटवर पट्टी टाकतात. मळलेला तंबाखू, गुटखा, मिश्री हे सगळं तंबाखूजन्यच आहे. आजीच्या मिश्रीवर पट्टी नाही म्हणून प्रत परत येऊ शकते. धूम्रपानाला ‘धूम्रपानामुळे कर्करोग होतो’ अशा आशयाची आणि न जळणाऱ्या प्रकाराला ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ अशी वेगळी पट्टी लागते. आजीच्या शॉटवर धूम्रपानाची पट्टी म्हणजे हसं होणार. पांढऱ्यावर काळी अक्षरं, वाचता येतील एवढी, चित्रपटाच्या भाषेत, आणि वस्तू पडद्यावर आहे तोवर पूर्ण वेळ. माणूस बोलता बोलता मळतोय आणि मध्ये दुसऱ्याचा क्लोजअप येतो तिथे पट्टी काढून परत लावली तर ती लुकलुकते. सलग ठेवलेली चांगली.

याशिवाय आरोग्य मंत्रालयाचे किमान ३० सेकंदांचे आरोग्यसंदेश आणि २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, दोन्ही सुरुवातीला आणि दोन्ही मध्यंतरानंतर. हे फाइलीतच जोडून द्यायचं. तंबाखू दाखवणं कथेला का गरजेचं आहे याचं लेखी समर्थनही मागतात. चार ओळी पुरतात, पण ‘वास्तववादासाठी’ एवढंच लिहू नका. पारावरच्या त्या माणसांचा कथेत काय भाग आहे ते लिहा. पुडीवरचा ब्रँड दिसत असेल तर धूसर करा. दारूच्या दुकानातल्या प्रसंगाला मद्यपानाची पट्टी टाका आणि बाटल्यांची लेबलं तपासा.

आता शिव्या. पंचवीसच्या पंचवीस जातील असं नाही. सहा-सात मात्र जातील असं धरूनच मिक्स करा. सेन्सॉरने ‘म्यूट’ सांगितल्यावर घाईत जे होतं ते असं: संवाद मधल्या चॅनलमध्ये असतो म्हणून तेवढाच शांत केला जातो. पण त्या ओळीची रिव्हर्ब (घुमणारा पडसाद) डाव्या-उजव्या आणि मागच्या स्पीकरला गेलेली असते, त्यामुळे थिएटरात शिवीचं भूत मागून ऐकू येतं. दुसरी चूक उलटी: सगळे चॅनल शांत केले की वारा, रातकिडे, लोकांची कुजबुज सगळंच अर्धा सेकंद गायब होतं आणि प्रेक्षकाला प्रोजेक्टर बिघडला असं वाटतं. म्हणून आत्ताच संवाद, त्यांची रिव्हर्ब, परिसराचे आवाज आणि संगीत वेगळ्या स्टेममध्ये (स्वतंत्र ध्वनिफाइलींत) काढून ठेवा. आईबहिणीवरच्या प्रत्येक शिवीसाठी नटाकडून पर्यायी सौम्य ओळ डबिंगमध्ये घेऊन ठेवा, ओठांच्या हालचालीला जुळणारी. तो नट दोन महिन्यांनी दुसऱ्या शूटिंगला गेलेला असतो, मग मिळत नाही.

म्यूट झालेला शब्द इंग्रजी सबटायटलमध्ये तसाच राहणं ही सर्वांत जास्त घडणारी चूक. सबटायटल भाजलेली, म्हणजे चित्रातच कायमची उमटवलेली असतील तर ती रीळ पुन्हा रेंडर. सबटायटल वेगळ्या फाइलीत ठेवा, भाजू नका.

कटांची यादी टाइमकोडवर येते: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. पहिला कट ४ सेकंदांचा केलात की पुढचे सगळे टाइमकोड ४ सेकंदांनी सरकतात. त्यामुळे बदल करताना शेवटून सुरुवातीकडे यायचं आणि तक्त्यात जुना व नवा असे दोन्ही टाइमकोड लिहायचे. समितीला दाखवलेल्या फाइलीचा टाइमकोड कुठून सुरू झाला तेही नोंदवून ठेवा. दहा सेकंदांचं काळं किंवा निर्मितीसंस्थेचं बोधचिन्ह नंतर जोडलं की अख्खी यादी चुकते.

डीसीपी (थिएटरात चालणारं डिजिटल पॅकेज) रिळांमध्ये तोडून बनवा, सलग एकच फाइल नको. मग कट आलेली रिळंच नव्याने काढून बाकी मूळ पॅकेजला जोडता येतात; पूर्ण १ तास ५८ मिनिटं पुन्हा एन्कोड करावी लागत नाहीत. एन्क्रिप्टेड दिलंत तर परीक्षणाच्या थिएटरच्या सर्व्हरसाठी काढलेल्या केडीएमची (फाइल उघडणाऱ्या डिजिटल चावीची) वेळ नीट बघा. परीक्षण दुपारी अडीचला आणि चावी दोनला संपणारी, असं झालं की समिती उठून जाते आणि तुम्ही पुन्हा रांगेत. परीक्षणाच्या दिवसाच्या आधी आणि नंतर एकेक दिवस ठेवा, आणि आदल्या दिवशी फाइल त्याच सर्व्हरवर चढवून पहिली पाच मिनिटं आवाजासह चालवून बघा.

---

कलम_एकोणीस

तुमचा दुसरा प्रश्न, १३+ की १६+.

भांडू नका. चलच्चित्र कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे तीन भाग झाले, ७+, १३+ आणि १६+. ही वयं पालकांसाठीची सूचना आहे. पालकांखेरीज दुसऱ्या कोणी ती अंमलात आणायची नाही, असं कायद्यातच म्हटलंय. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आई यूए १६+ चित्रपटाला आली तर दारावरचा माणूस त्यांना अडवू शकत नाही. ‘ए’ची (फक्त प्रौढांसाठी) गोष्ट वेगळी. तिथे १८ खालच्याला आत सोडणं हा गुन्हा आहे. खरी भिंत १६+ आणि ए यांच्यामध्ये आहे, १३ आणि १६ मध्ये नुसती रेघ.

दुसरी बाजू टीव्हीची. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार वाहिनीवर फक्त अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास योग्य ठरलेला चित्रपट, गाणं, ट्रेलर दाखवता येतं. कायद्याच्या हिशेबात यू आणि यूए दोन्ही त्यात बसतात, ए बसत नाही. मराठी चित्रपटाच्या वसुलीत उपग्रह हक्कांचा वाटा केवढा असतो ते निर्मात्याला सांगायला नको. ए मिळालेल्या चित्रपटाला टीव्हीसाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घेता येतं, ती तरतूद आता कायद्यातच आहे. पण ते पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा थांबणं.

तुमच्या यादीवरून अंदाज असा. शिव्या आणि दारू यांनी यूए १६+ च्या बाहेर जाण्याचं कारण नाही. कुऱ्हाडीचा वार कसा टिपलाय यावर बरंच काही आहे. पातं अंगात शिरताना दिसतं की कट होऊन चेहरा दिसतो? रक्त जमिनीवर की कॅमेऱ्यावर? समिती इथे सहसा दोन पर्याय ठेवते: दृश्य कमी करा आणि यूए घ्या, किंवा आहे तसं ठेवा आणि ए घ्या. तेव्हा त्या दृश्याची दुसरी, सौम्य आवृत्ती संकलकाकडे आधीच तयार असू द्या. हॉलमधून फोन करून ‘तीन सेकंद कमी केले तर चालेल का’ विचारण्याची वेळ येऊ देऊ नका.

जातीच्या टोमण्याबद्दल. ६ डिसेंबर १९९१ ची प्रमाणनाची मार्गदर्शक तत्त्वं अजून पाया आहेत. वांशिक, धार्मिक किंवा अन्य समूहांची अवहेलना करणारे शब्द नकोत, असं त्यांत आहे. द्व्यर्थी संवादांवरही त्यांतच बोट ठेवलंय, ग्रामीण विनोद लिहिणाऱ्यांनी ते एकदा वाचावंच. पण त्याच कागदात असंही आहे की चित्रपट एकूण परिणामाच्या दृष्टीने आणि ज्या काळाचं, समाजाचं चित्रण आहे ते लक्षात घेऊन तपासावा. तुमचं हत्यार हे दुसरं वाक्य. अर्जासोबत एक पानी टिपण द्या: टोमणा कितव्या मिनिटाला, उत्तर कितव्या मिनिटाला, आणि टोमणा काढला तर उत्तराला अर्थ का राहत नाही. एवढं करूनही जातीचं नाव म्यूट करायला सांगतील ही शक्यता मोठी आहे. तेव्हा दृश्य वाचवा, शब्द सोडायची तयारी ठेवा.

कट पटले नाहीत तर. लांबीच्या चित्रपटाला, म्हणजे साधारण ७२ मिनिटांवरच्या, परीक्षण समितीत चार सल्लागार सदस्य आणि एक परीक्षण अधिकारी असतात. परीक्षण चालू असताना तुम्ही आत बसत नाही. नंतर म्हणणं मांडायची संधी मिळते. तिथे दिग्दर्शकाने जावं, पण कलेवर व्याख्यान देऊ नये. कट क्रमांक, मार्गदर्शक तत्त्वातलं कलम, पर्यायी सूचना, इतकंच बोलावं. जमलं नाही तर पुनर्परीक्षण समिती मागायची. तिच्यात अध्यक्ष आणि नऊपर्यंत सदस्य, आधीच्या समितीतलं कोणी नसतं. त्यावरही समाधान नसेल तर चलच्चित्र कायद्याच्या कलम ५सी खाली अपील. पूर्वी ते दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे जायचं. एप्रिल २०२१ मध्ये ते बरखास्त झालं, आता थेट उच्च न्यायालय, आदेशापासून ३० दिवसांत.

२०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ला मुंबई उच्च न्यायालयाने एक कट ठेवून ४८ तासांत प्रमाणपत्र द्यायला सांगितलं आणि तो ठरलेल्या शुक्रवारी लागला. ते उदाहरण सगळे देतात. त्यामागे किती ज्येष्ठ वकील आणि किती पैसा उभा होता ते कोणी सांगत नाही. न्यायाधिकरण स्वस्त होतं, सिनेमाच्या जाणकारांचं होतं. ते गेल्याचा फटका बसला तो छोट्या निर्मात्याला. मंडळाच्या कात्रीबद्दल आरडाओरडा करणाऱ्यांनी याबद्दल फारसं तोंड उघडलं नाही, याचं नवल वाटतं.

---

कात्री_आणि_कागद

@कलम_एकोणीस, बाकी सगळं पटलं, पण पुनर्परीक्षण समितीबद्दल एक सावधानतेचा इशारा हवा होता. ती समिती चित्रपट पहिल्यापासून बघते. ‘आम्हाला फक्त कट क्रमांक ५ वर हरकत आहे’ असं म्हणून चालत नाही. जे पहिल्या समितीने सोडलं होतं तेही ती धरू शकते. दोन म्यूटसाठी तिकडे जाऊ नये. दृश्यच जात असेल किंवा यूएचं ए होत असेल तरच जावं.

---

कलम_एकोणीस

मान्य. फक्त ‘ए’च्या बाबतीत मागेपुढे पाहू नका. आणि जायचं असेल तर पहिल्या समितीचे कट ‘मान्य’ असं लिहून देऊ नका. घाईत सही करून मग पुनर्परीक्षण मागितलं की पुढे न्यायालयातही तीच सही दाखवली जाते.

---

पहिली_प्रत

मनापासून आभार. बैलांचा अर्ज उद्याच टाकतो. मिश्रीचं डोक्यातच नव्हतं! आणखी थोडं विचारतो. टीझर यूट्यूबवर टाकायला प्रमाणपत्र लागतं का? आधी एखाद्या महोत्सवात दाखवला तर चालेल का? आणि प्रदर्शनानंतर पाच-सात मिनिटं कमी करायची वेळ आली तर? जिल्ह्यात एखाद्या संघटनेने आक्षेप घेतला तर प्रमाणपत्र कामाला येतं का?

---

कात्री_आणि_कागद

यूट्यूबला नाही. तोच टीझर थिएटरात किंवा वाहिनीवर लावायचा असेल तर त्याचं वेगळं प्रमाणपत्र, गाण्याच्या व्हिडिओचंही वेगळं. हे छोटे अर्ज लवकर सुटतात, पण चित्रपटाच्या अर्जात आपोआप येत नाहीत. प्रदर्शनाच्या आठवड्यात वाहिनीने गाणं परत पाठवलं की मग धावपळ होते. ट्रेलरमध्ये तुमच्या सहा-सात शिव्यांपैकी एकही ठेवू नका.

महोत्सवाला चालतं. कायद्याच्या कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालय महोत्सवाला सूट देतं, आणि ती आयोजक मागतात, तुम्ही नाही. प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असावे लागतात. गावच्या यात्रेत किंवा वाचनालयात पडदा लावून दाखवणं यात बसत नाही. महोत्सवाची आवृत्ती आणि सेन्सॉरची आवृत्ती वेगळी असेल तर हार्ड डिस्कवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. चुकून महोत्सवाची प्रत वितरकाकडे गेली आणि लागली तर ती अप्रमाणित चित्रपट दाखवल्यात जमा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

राष्ट्रीय पुरस्कारांचं गणितही प्रमाणपत्राच्या तारखेवर चालतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. तुमचं काम डिसेंबरात आलं तर कोणत्या वर्षात बसायचंय ते आधी ठरवा.

शिवाय १५ मार्च २०२४ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं विसरू नका. एकापेक्षा जास्त भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची आणि बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत होती. ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर लिहून येणारे मथळे (कॅप्शन) आणि न दिसणाऱ्यांसाठी ध्वनिवर्णन ही कामं मिक्सिंगच्या बजेटमध्येच धरा. ध्वनिवर्णन लिहिणारा माणूस मराठीत सहज मिळत नाही.

---

मिक्सिंगवाला

नंतर लांबी कमी करण्याबद्दल. करता येतं, पण मंडळाला कळवून, काय काढलं त्याच्या टाइमकोडसह, आणि प्रमाणपत्रावर तशी नोंद आल्यावर. आधी थिएटरात पाठवून मग कळवायचं नाही. नंतर काढावं लागेल अशी भीती वाटत असेल तर प्रमाणपत्राआधीच दहा तिऱ्हाइतांना दाखवून घ्या. नवीन काही घालायचं असेल, एखादा संवाद सुद्धा, तर तेवढा भाग पुन्हा तपासणीला जातो. प्रत्येक बदलाला नवीन पॅकेज आणि सगळ्या पडद्यांना नवीन केडीएम, हा खर्च वेगळाच. शिवाय प्रमाणपत्रावरची लांबी आणि फाइलीची लांबी सेकंदाला जुळली पाहिजे. प्रमाणपत्र सुरुवातीला किमान दहा सेकंद दाखवायचं असतं ते पाच सेकंदांत उरकू नका.

---

कलम_एकोणीस

संघटनेच्या आक्षेपाबद्दल. एस. रंगराजन खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट केवळ निदर्शनांच्या धाकाने थांबवता येणार नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम. मंडळाने पास केलेल्या चित्रपटाचा केंद्राने पुन्हा निवाडा करायचा, हा अधिकारही के. एम. शंकरप्पा खटल्यानंतर २००० मध्ये मोडीत निघाला. कागदावर तुमची बाजू भक्कम आहे.

प्रत्यक्षात थिएटरमालक काचा फुटण्याला घाबरतो आणि शो काढून टाकतो. तो आदेश नसतो, त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागायला हातात कागदही नसतो. म्हणून वाद दिसू लागला की प्रमाणपत्राची प्रत आणि संबंधित दृश्याचं तेच एक पानी टिपण जिल्हा पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या. संरक्षण मागितल्याची पोच हातात असेल तर नागपूर खंडपीठात जाताना तोच पहिला कागद असतो. चित्रपट कोणालाही आधी ‘खास दाखवून’ मंजुरी मागू नका. एकाला दाखवला की उद्या पाच जण दारात उभे राहतात, आणि त्यांची मंजुरी कुठल्याच कायद्यात बसत नाही.